चेलनाच्या बाटलीतलं औषध

चेलना धुळ्याहून अमळनेरला सून म्हणून आली, तेव्हा गल्लीत तिच्याबद्दल एवढंच बोललं गेलं की पोरगी बोलतच नाही. दलिचंद शेटजींच्या धाकट्या मुलाची, जिनेशची ती बायको. शेटजींचं कापडाचं दुकान बाजारपेठेत आणि घर आमच्या भिंतीला भिंत लागून. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. ती मला अक्का म्हणायची, गच्चीवर पापड वाळत घालताना हळू आवाजात चार शब्द बोलायची आणि खाली जायची. इतक्या वर्षांत तिचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. तो ऐकला, तेव्हा मला आधी वाटलं की दुसरंच कोणी ओरडतंय.

त्याआधी तिच्या पोटाचं सांगायला हवं.

तिचं पोट लग्नाच्या आधीपासून दुखायचं. बरगड्यांच्या खाली मधोमध कळ उठायची आणि थेट पाठीत जायची. दुखायला लागलं की ती गुडघे छातीशी घेऊन कोपऱ्यात बसायची. धुळ्यात कोणी ॲसिडिटी म्हणालं, इथे कोणी गॅस म्हणालं. एका डॉक्टरने तर हिच्या मनावर ताण आहे, असं सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या. मुलीच्या, मुस्कानच्या जन्मानंतर दुखणं कमी झालं आणि दुसरंच सुरू झालं. जेवलं की पोट फुगायचं, मग संडासला धावायचं. जे व्हायचं ते तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारं. बादल्या ओतल्या तरी जायचं नाही. एकत्र कुटुंबात अशी गोष्ट लपत नाही. मोठी जाऊ नाकाला पदर लावायची. सासू पानबाई म्हणायच्या, "बिनणीला तूप सोसत नाही." मग बिनणीचं, म्हणजे सुनेचं, तूप बंद झालं. मग तेल बंद झालं. शेवटी तिच्या ताटात मुगाचं पाणी आणि कोरडा फुलका उरला, आणि तरीही ती वाळतच गेली.

माझ्या सासूबाई ओट्यावरून तिला बघायच्या आणि मला विचारायच्या, "हाई पोर बठ्ठी वाळी गयी व माय. हिले डॉक्टरले दखाडतस का नई?"

दाखवलं शेवटी. जिनेशनेच दाखवलं, हे मी त्याच्या बाजूने सांगते. जळगावला पोटविकारांचे डॉक्टर योगेंद्र म्हणून आहेत, त्यांच्याकडे तो तिला घेऊन गेला. तपासण्या झाल्या आणि स्वादुपिंडात खडे निघाले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न जिनेशला विचारला, "घरात दारू?"

"डॉक्टरसाहेब, आमच्या घरात कांदा येत नाही," जिनेश म्हणाला.

दारूचा थेंब न घेणाऱ्यांनाही हा आजार होतो, असं डॉक्टरांनी मग समजावलं. अन्न पचवणारा रस स्वादुपिंडातून यायला हवा, तो हिच्या शरीरात पुरेसा तयारच होत नव्हता. ती खात होती, पण खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. तूप तिला सोसत नाही असं नव्हतं, ते पचवणारंच आत काही उरलं नव्हतं. तो रस बाहेरून द्यायचा म्हणून त्यांनी कॅप्सूल लिहून दिल्या. प्रत्येक जेवणाबरोबर घ्यायच्या, आयुष्यभर.

औषध लागू पडलं. उन्हाळा सरेपर्यंत तिच्या गालावर मांस आलं. बांगड्या वर-खाली घरंगळायच्या, त्या हातात बसल्या. तिच्या ताटात पुन्हा तूप आलं. दुपारची ती दुकानात ब्लाउजपीसच्या काउंटरवर बसायला लागली. एकदा गच्चीवर मला म्हणाली, "अक्का, पोटाचा विचार न करता जेवता येतं, हे मला माहीतच नव्हतं."

दिवाळीनंतर ते सगळं परत फिरलं. पोट फुगणं, धावणं, जाऊच्या नाकाला पदर. वजन आधीपेक्षा वेगाने उतरलं. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं की हिचं खाण्यावर नियंत्रण नाही. पानबाईंनी पुन्हा तूप काढून घेतलं. चेलना स्वतःलाच दोष द्यायची. औषध कमी पडतंय असं वाटून तिने कोणाला न विचारता कॅप्सूल वाढवल्या. दोनाच्या तीन, तिनाच्या पाच. उपयोग शून्य. तिन्हीसांजेला तिला दिसेनासं व्हायला लागलं. यांच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं आटोपतात. नंतर भांडी खाली नेताना ती जिन्यावरून पडली, कपाळ फुटलं, टाके पडले. "लक्ष कुठे असतं हिचं?" असं सासरे बैठकीतून म्हणाले, ते मला भिंतीपलीकडे ऐकू आलं.

मग चैत्रात तिला ताप आला आणि घसा असा सुजला की कॅप्सूल उतरेना. अशा वेळी कॅप्सूल गिळता येत नसेल तर ती उघडून आतले दाणे सफरचंदाच्या थंड गरावर टाकायचे आणि न चावता गिळायचे, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तिने एकदा तसं केलंही होतं. राजगिऱ्याहून बारीक, गोल, तपकिरी दाणे असतात ते. या वेळी तिने सफरचंद शिजवलं, निवू दिलं, कॅप्सूल उघडली, तर आतून पिवळसर भुकटी पडली. पपईच्या वासाची. तिने दुसरी उघडली. तिसरी उघडली. सगळ्यांत तेच.

कॅप्सूलचा रंग बदलला होता, हे तिला दिवाळीनंतरच दिसलं होतं. तेव्हा जिनेश म्हणाला होता, "कंपनीने पॅकिंग बदललं."

मी त्या दिवशी भाचीच्या लग्नाच्या साड्या बघायला त्यांच्या दुकानात होते. दुकान गच्च भरलेलं. पारोळ्याकडची एक मोठी मंडळी बस्ता बांधायला आलेली, गादीवर साड्यांचा ढीग. चेलना मागच्या दाराने न येता समोरच्या पायऱ्या चढून आली. डोक्यावर पदर नव्हता. तिने ती बाटली जिनेशच्या पुढ्यात, पसरलेल्या शालूवर उपडी केली.

"हे काय आहे?"

बसलेल्या घशातून तो आवाज फाटून निघाला.

"चेलना, गिऱ्हाईक आहे. घरी बोलू."

"घरी मला खोटं सांगितलंस. इथे खरं सांग. माझं औषध कुठे आहे?"

नवऱ्याला तिने कधी अरे-तुरे केलं नव्हतं. जिनेश शालूवरच्या कॅप्सूल वेचायला लागला. तिने त्याचा हात बाजूला केला. गल्ल्यावरून दलिचंदजी म्हणाले, "बिनणी, आत जा. जे केलं ते तुझ्या भल्यासाठी केलं. ते औषध डुकरापासून करतात. डुकराच्या! तुझ्या हातून इतके महिने पाप घडत होतं, ते आम्ही थांबवलं."

पारोळ्याच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. चेलनाचा चेहरा पांढरा पडला. तिला हे माहीत नव्हतं. अजिबात माहीत नव्हतं.

"कधी कळलं तुम्हाला?" तिने विचारलं.

उत्तर जिनेशने दिलं. दिवाळीत इथे औषध मिळालं नाही, तेव्हा त्याने धुळ्याच्या मावसभावाला, अमनला फोन केला. अमनचं औषधांचं दुकान आहे. औषध कशापासून करतात ते अमनने सांगितलं. घरात बापलेकांनी दार लावून बोलणं केलं. तिला सांगितलं तर धक्का बसेल, म्हणून सांगायचं नाही असं ठरलं. अमनने पोटातल्या गॅसवर देतात तशा वनस्पतीच्या कॅप्सूल दिल्या. जिनेश त्या जुन्या बाटलीत भरायचा.

"मी जिन्यावरून पडले तेव्हा तुला माहीत होतं," ती म्हणाली. "मी पाच-पाच खात होते, तेव्हा तू समोर बसला होतास. मला तूच पाणी आणून दिलंस."

तिने सगळ्या कॅप्सूल पदरात गोळा केल्या, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "अक्का, उद्या माझ्याबरोबर जळगावला येता का?"

मी साड्या तशाच टाकून उठले. त्या दुकानात त्यानंतर मी पाऊल ठेवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळच्या गाडीने गेलो. धरणगाव गेलं तरी ती खिडकीच्या गजाला धरून बसली होती. मला वाटत होतं, डॉक्टरांसमोर ती रडेल आणि मी तिला सावरीन. मी तिला ओळखतच नव्हते.

डॉक्टर योगेंद्र तिच्याकडे बघूनच दचकले. तिने टेबलावर भुकटीच्या कॅप्सूल ठेवल्या आणि झालं ते सांगितलं. डॉक्टरांचा पारा चढला. "हा गुन्हा आहे! तुमच्या अंगातली जीवनसत्त्वं संपलीत, म्हणून संध्याकाळी दिसत नाही. ही माणसं तुम्हाला उपाशी मारत होती."

"हो," चेलना म्हणाली. "आणि तुम्ही?"

"मी काय?"

"ते डुकरापासून होतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"आम्ही जैन आहोत, हेही माहीत होतं. कांद्याचं बोलणं झालं होतं इथे."

"सांगितलं असतं तर तुम्ही घेतलं नसतं, चेलनाताई. तुम्ही जगला नसता."

"ते मी ठरवलं असतं!" तिची मूठ टेबलावर आपटली, तशी बाहेरची नर्स दारातून डोकावली. "तुम्ही लपवलंत मला जगवायला, त्यांनी लपवलं माझा धर्म वाचवायला. पोट कोणाचं आहे? धर्म कोणाचा आहे? मला एकाने तरी विचारलं का? मी काय मुस्कानची बाहुली आहे, कोणी काही भरवावं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "सांगायला हवं होतं. पहिल्याच दिवशी."

"मग आता सगळं सांगा. काही गाळायचं नाही. याला शाकाहारी पर्याय आहे का?"

"याची जागा घेईल असा नाही. आज तरी नाही. वनस्पतीच्या गोळ्या मिळतात, पण या आजारात त्या पुऱ्या पडत नाहीत. ते तुम्ही भोगलंच आहे."

"घेतलं नाही तर?"

"वजन उतरत जाईल. हाडं ठिसूळ होतील. डोळ्यांचं तुम्ही बघताच आहात."

तिने मग एकेक प्रश्न असा विचारला, जशी काही साक्षीदाराची उलटतपासणी चालली होती. कधी घ्यायचं? पहिल्या घासाबरोबर, उपाशीपोटी नाही आणि जेवून उठल्यावरही नाही. जेवण लांबलं तर काही सुरुवातीला, काही मध्ये. सासूबाई म्हणतात जेवणानंतर घे, म्हणजे पोटात बसतं. सासूबाई चुकतात, औषध अन्नात मिसळलं पाहिजे. मधल्या वेळी खाल्लं तर? तेव्हाही, पण कमी, किती ते मी लिहून देतो. नुसता कोरा चहा असेल तर नको. चावलं तर? चावायचं नाही, कुटायचं नाही, तोंडात धरायचं नाही, तोंड सोलून निघतं. वर भरपूर पाणी. गरम खिचडीवर दाणे टाकले तर? वाया जातील, पदार्थ थंड आणि किंचित आंबट हवा.

"उपास केला तर?"

"जेवण नाही तर कॅप्सूल नाही. पण इतक्यात उपास करू नका. आधी अंग भरू द्या."

"आणि मी पाच घेत होते, ते?"

यावर डॉक्टर पुढे सरकले. "त्यात भुकटी होती म्हणून निभावलं. खरं औषध असं मनाने वाढवायचं नाही. फार जास्त झालं तर आतड्याला इजा होऊ शकते. कमी पडतंय असं वाटलं तर मला फोन करायचा. बाटली कुठे ठेवता?"

"गॅसच्या वरच्या फळीवर."

"जळगाव-अमळनेरच्या उन्हात, गॅसच्या वर?" त्यांनी कपाळाला हात लावला. "थंड, कोरड्या जागी ठेवा. आणि दुकानातून घेताना सीलबंद घ्या. स्वतः घ्या."

"स्वतःच घेणार," चेलना म्हणाली. "लिहून द्या. खायचं की नाही, ते मी ठरवीन."

औषध घेऊन आम्ही स्टेशनवर आलो. गाडीला वेळ होता. तिच्या घशाची सूज उतरत आली होती. बाकावर बसून तिने डबा काढला, त्यात मुगाची भाजी, पराठे आणि लिंबाचं लोणचं होतं. बाटली शेजारी ठेवली. ती त्या बाटलीकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. माझ्या जिभेवर होतं, घे बाई. पण कोणी काही सांगितलेलं तिला आता नको होतं, एवढं मला कळत होतं.

"लहानपणी मी मुंगी वाचवायला वाट बदलायचे," ती म्हणाली. "माझा नियम खोटा नव्हता, अक्का. सासरच्यांना वाटतं, तो त्यांनी मला दिला होता."

मग तिने सील तोडलं. पराठ्याचा घास तोंडात घातला, कॅप्सूल घेतली, पाणी प्यायली. जबडा इतका आवळलेला होता की पुढचे घास चावताना दातांचा आवाज येत होता. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही. सगळा डबा संपवला, शेवटचा तुकडासुद्धा.

घरी गेल्यावर काय झालं ते अर्धं मी भिंतीपलीकडून ऐकलं, अर्धं तिने सांगितलं. तिने बाटली जेवणाच्या पाटावर सगळ्यांसमोर ठेवली. पानबाई ताट सरकवून म्हणाल्या, "ही या घराच्या चौक्यात शिजवणार नाही."

"बरं," चेलना म्हणाली. "मग मी शिजवत नाही."

तिने वरच्या खोलीत शेगडी मांडली. पानबाईंना वाटलं होतं, चार दिवसांत नाक घासत खाली येईल. ती आली नाही. मोठ्या जावेवर सगळ्या घराचा स्वयंपाक पडला, तेव्हा तिच्या नाकाचा पदर कुठे गेला कोण जाणे.

दलिचंदजींनी मग दुसरा मार्ग काढला. चातुर्मासासाठी साध्वीजी गावातल्या जैन स्थानकात मुक्कामाला आल्या होत्या. सुनेच्या पापाबद्दल मी त्यांना विचारणार आहे, असं त्यांनी जाहीर केलं. हे कळताच चेलना त्यांच्या आधी स्थानकात गेली. मला तिने दारात थांबवलं, पण आतलं ऐकू येत होतं. तिने वंदन केलं आणि सगळं सांगितलं, औषध कशाचं ते नाव घेऊन.

"दुसरं काही औषध आहे का?" साध्वीजींनी विचारलं.

"डॉक्टरांना विचारलं. नाही."

"मग माझी परवानगी मागायला आलीस?"

"नाही, महासतीजी. मी घेते आणि घेणार आहे. दोष लागत असेल तर तो माझा. पण माझ्या पापाची चौकशी दुसऱ्या कोणी माझ्या पाठीमागे करू नये, म्हणून स्वतः आले."

साध्वीजी म्हणाल्या, "मी हो म्हणणार नाही. तुला मर असंही म्हणणार नाही. गरजेपुरतं घे, आणि रोज आलोचना कर, दोष आपल्या तोंडाने कबूल कर. आणि एक. एवढा राग घेऊन जेवायला बसू नकोस."

"तेवढं मात्र जमणार नाही, महासतीजी," चेलना म्हणाली.

साध्वीजी हसल्या की काय, ते मला दिसलं नाही. दलिचंदजी त्यानंतर विचारायला गेले नाहीत एवढं खरं.

पर्युषण आलं. तोवर तिला संध्याकाळचं दिसायला लागलं होतं, जिना ती न चाचपडता उतरायची. उपास तिने केला नाही. डॉक्टरांचं ऐकून रोज जेवली आणि कोणी बघितलं तरी कॅप्सूल लपवली नाही. संवत्सरीच्या दिवशी प्रतिक्रमण झाल्यावर सगळं घर एकमेकांपुढे हात जोडून वर्षभराची क्षमा मागत होतं. मीही दरवर्षीप्रमाणे त्यांच्या ओट्यावर गेले होते. जिनेश तिच्यासमोर आला. हात जोडले, मान खाली घातली.

"मिच्छामि दुक्कडम्."

तिने हात जोडले नाहीत. "कशाबद्दल?"

"वर्षभरात कळत-नकळत जे..."

"नकळत नव्हतं. नाव घे."

"चेलना, सगळे आहेत. मुस्कान आहे."

"तिच्यासाठीच म्हणते. उद्या तिचंही लग्न होईल."

दलिचंदजी खाकरले. पानबाई म्हणाल्या, "आजच्या दिवशी तरी..." चेलनाने तिकडे बघितलं नाही. मुस्कान आईच्या बाजूला येऊन उभी राहिली, नववीतली पोर, बापाकडे टक लावून.

"मी तुझ्या बाटलीतलं औषध काढून दुसरं भरलं," तो म्हणाला. "तुला न सांगता. तू वाळत होतीस ते मला दिसत होतं. तरी भरत राहिलो."

चेलना त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती क्षमा करील. सगळ्यांनाच तसं वाटलं असणार, कारण पानबाईंनी सुटकेचा श्वास टाकला तो मी ऐकला.

"ऐकलं," चेलना म्हणाली. "क्षमा अजून येत नाही मला. आली की सांगेन. तोंडदेखली देणार नाही, आजच्या दिवशी तर नाहीच."

आणि मुस्कानला घेऊन ती वर गेली.

याला आता दोन वर्षं होत आली. ती वरच्या खोलीतच शिजवते. जिनेश कधी वर तिच्याबरोबर जेवतो, कधी खाली आईबरोबर, आणि दोन्हीकडे गप्प बसून जेवतो. दर काही महिन्यांनी ती एकटी जळगावला जाते, औषध स्वतः आणते. गल्लीत तिच्याबद्दल हल्ली दुसरंच बोललं जातं, की बाई फार बोलते. परवा डॉक्टर योगेंद्रांनी तिला फोन केला. भुसावळचा एक म्हातारा आहे, याच आजाराचा आणि तिच्याच धर्माचा. औषध कशाचं ते त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि तो नाही म्हणून घरी गेला. डॉक्टर तिला म्हणाले, तुम्ही त्याला समजवा.

"मी काय घेते आणि का घेते, ते सांगेन," ती म्हणाली. "समजावणार नाही."

आणि तिने त्या म्हाताऱ्याचा नंबर घेतला.